बाबांचं बायपॅप आणि ऑक्सिजनचं मशीन विकलं तर कायद्यात अडकेन का?

अबोली_५३

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

बाबा फेब्रुवारीत गेले. सीओपीडी होता, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. रात्रीचं बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) सहा वर्षं चाललं, आणि शेवटची तीन वर्षं त्याच्या जोडीला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून देणारा. दोन्ही आम्ही रोख विकत घेतलेली, बिलं बाबांच्या नावावर आहेत आणि माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. कॉन्सन्ट्रेटरवर मी एक जुनी चादर टाकून ठेवलीय, कारण तो नुसता नजरेला पडला तरी आईला त्याची घरघर ऐकू येते. तिचं म्हणणं एकच, कोणाच्या तरी उपयोगी पडू दे, पण घरातून जाऊ दे.

म्हणून जाहिरात टाकली. चार ओळी आणि दोन फोटो. दुसऱ्या दिवशी साइटने ती उडवली. कारण दिलं होतं: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येणारी वस्तू. तोवर सात जणांचे मेसेज येऊन पडले होते आणि सातांपैकी एकानेही चिठ्ठीचा विषय काढला नव्हता. एकाला बायपॅप घोरण्यासाठी हवं होतं ("बायकोची झोप होत नाही हो"). एकाला दोन्ही हवी होती, वर "आणखी असतील तर सांगा" म्हणाला. आणि एक मुलगी. तिच्या आईला दम लागतो, तपासण्या अर्धवट आहेत, "डॉक्टर काही लिहून देईनात, पण रात्री तिच्याकडे बघवत नाही. तुम्ही द्याल का?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तीन दिवस झाले.

भाऊ म्हणतो, आपण काय अफू विकतोय का? जुना फ्रीज विकतात तसं हे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगताही येत नाही.

तर विचारायचं असं की, एका माणसाने दुसऱ्याला घरातलं असं मशीन विकणं हा गुन्हा आहे का? घेणाऱ्याला उद्या काही झालं तर ते माझ्यावर शेकेल का? "आहे तसं घेतलं" अशी सही घेतली तर मी मोकळी होते का? आणि पैसेच घेतले नाहीत तर?

देश मुद्दाम लिहीत नाही. इथे सगळीकडचे लोक आहेत, आणि अशी मशिनं बऱ्याच घरांत चादरीखाली असणार.

---

बिनधास्त_बंड्या

ताई, फार विचार करताय. घरातली एक वस्तू विकल्याबद्दल आजवर कोणाला बेड्या पडलेल्या ऐकल्या नाहीत. रोख घ्या, मशीन द्या, नंबर ब्लॉक करा. घेणारा कुक्कुलं बाळ नाहीये.

---

कोर्टाची_पायरी

बंड्याभाऊंनी हा सल्ला स्वतःच्या मशीनसाठी राखून ठेवावा.

अबोलीताई, मी वकील आहे पण तुमचा वकील नाही, हे आधी लिहून टाकतो म्हणजे माझीही पायरी सुरक्षित.

सुरुवात तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून करतो. विकायला मशीन तुमचं आहे का? तुमच्याकडे बिल आहे, अनेकांकडे नसतं. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यामार्फत आलेला कॉन्सन्ट्रेटर ३६ महिने भाड्याचा असतो आणि भाडं थांबल्यावरही मालकी पुरवठादाराकडेच राहते. सीपॅपचं (एकाच दाबाने हवा देणाऱ्या मशीनचं) गणित वेगळं, तिथे १३ महिन्यांचं भाडं भरलं गेलं की ते रुग्णाचं होतं. ब्रिटनमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या स्लीप क्लिनिकने दिलेलं मशीन उसनं असतं, गरज संपली की परत करायचं. अशी मशिनं लोक निरागसपणे जाहिरातीत टाकतात आणि चिठ्ठीच्या प्रश्नाआधीच परक्याची वस्तू विकल्याच्या प्रश्नात सापडतात. तुमच्या बाबतीत बिल बाबांच्या नावावर, म्हणजे वस्तू वारसांची. आई आणि भाऊ दोघांची संमती साध्या मेसेजवर का होईना, पण लेखी घ्या. आज फ्रीज म्हणणारे भाऊ उद्या बाबांची आठवण म्हणतात. (तुमच्या भावाबद्दल बोलत नाही. माझ्या कपाटातल्या फायलींबद्दल बोलतोय.)

आता चिठ्ठी. अमेरिकेतली रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तुमच्या भावाला द्यायचं उत्तर त्यात आहे. तिथे उपकरणाबरोबर इतक्या सूचना द्याव्या लागतात की सामान्य माणसाला ते सुरक्षितपणे वापरता यावं. काही उपकरणं अशी असतात की सूचनांचं पुस्तक कितीही जाड केलं तरी माणसाने ती आपल्या मनाने लावू नयेत. त्यांना सूचनांच्या अटीतून सूट मिळते, पण डॉक्टरांच्या आदेशावरच विकली जातील या बोलीवर. बायपॅप आणि कॉन्सन्ट्रेटर दोन्ही त्यात येतात. चिठ्ठी नसलेल्याला विकलं की सूट संपली, आणि तेच उपकरण कायद्याच्या भाषेत "मिसब्रँडेड", म्हणजे चुकीच्या लेबलाचं, ठरतं. मशीनचा एक स्क्रूही न हलता. फ्रीजचं असं होत नाही. याशिवाय प्रत्येक राज्याचे नियम निराळे.

युरोपियन युनियनचा २०१७/७४५ क्रमांकाचा नियम २६ मे २०२१ पासून लागू झाला. त्यातल्या वितरकाच्या जबाबदाऱ्या व्यवसाय म्हणून पुरवणाऱ्यांवर आहेत. वडिलांचं एक मशीन विकणारी मुलगी त्यात सहसा सापडत नाही. दर महिन्याला "वडिलांचं" मशीन विकणारा सापडतो.

भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं सरसकट कायद्यातल्या "औषध" या व्याख्येखाली आली. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने उपकरणं विकायला आणि विक्रीसाठी साठवायला नोंदणी प्रमाणपत्र आलं, एमडी-४२ नावाचा फॉर्म. हे व्यापाऱ्यांसाठी आहे. म्हणजे तुमच्या त्या "आणखी असतील तर सांगा" वाल्यासाठी. त्याला नोंदणी क्रमांक विचारून बघा, बहुधा संभाषण तिथेच आटोपेल.

जाता जाता, डॉक्टरांच्या घरच्यांसाठी: वडिलांचं क्लिनिक आवरताना सोनोग्राफी मशीन निघालं तर जाहिरात मुळीच टाकू नका. भारतात १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला ते विकणं तर सोडाच, भाड्याने देणं किंवा वापरू देणंही बेकायदा आहे.

तुमच्यावर शेकण्याबद्दल. एका घरगुती मशीनपायी सरकारी यंत्रणा तुमच्या दारात येईल असं मलाही वाटत नाही, तेवढ्यापुरता बंड्या बरोबर आहे. दार वाजवेल तो घेणाऱ्याचा मुलगा किंवा त्याचा वकील. नुकसानभरपाईचा दावा. आणि तिथे पहिला प्रश्न असेल, तुम्हाला काय माहीत होतं? तुमच्या फोनमध्ये सात मेसेज आहेत. एकात लिहिलंय घोरण्यासाठी हवं, एकात लिहिलंय डॉक्टर लिहून देत नाहीत. हे वाचूनही मशीन दिलंत तर "मला कल्पना नव्हती" हे वाक्य तुम्हाला यापुढे वापरता येणार नाही.

"आहे तसं" या सहीने थोडं काम होतं. वॉरंटी नाही, दोन महिन्यांनी बंद पडलं तर पैसे परत नाहीत, इतकं. माहीत असलेला दोष दडवला असेल तर तो कागद फाडून टाकल्यासारखाच. भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम १७ माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून लपवणं हे फसवणुकीतच मोजतं, आणि दुसरीकडेही न्यायाधीश फार वेगळा विचार करत नाहीत. आणखी एक गंमत अशी की सही करणाऱ्यालाच सही बांधते. मशीन मुलगा नेतो, नळी आईच्या नाकात जाते. आईने कुठे सही केलीय?

फुकट दिलंत तर किमतीचं भांडण टळेल. बाकी सगळं जागच्या जागी.

मग करायचं काय? ज्याच्याकडे चालू तारखेची, त्याच्या स्वतःच्या नावाची, त्याच प्रकारच्या मशीनची चिठ्ठी आहे आणि जो मशीन त्याच्या डॉक्टरकडून किंवा तंत्रज्ञाकडून लावून घेणार आहे, असा माणूस मिळाला तर आधी तुमच्या देशातला नियम बघा आणि मग चिठ्ठीची प्रत, सीरियल नंबर आणि मीटरवरचे तास लिहून व्यवहार करा. नाहीतर परवाना असलेला विक्रेता किंवा साहित्य उसनं देणारी संस्था गाठा. पैसे कमी येतील.

---

पाना_हातोडी

रुग्णालयात उपकरणं दुरुस्त करण्यात १९ वर्षं गेली. कायद्याचं साहेबांनी सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

फेब्रुवारीपासून चादरीखाली आहे म्हणालात ना? मग तुमचा कॉन्सन्ट्रेटर चालू आहे की बंद, हे तुम्हाला चालू करूनही कळणार नाही. त्याच्या पोटात झिओलाइटचे दाणे भरलेल्या दोन टाक्या असतात. हवा दाबून त्यांतून सोडली की नायट्रोजन दाण्यांना चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाण्यांना ओलाव्याचं वावडं. मशीन महिनोन्‌महिने पडून राहिलं की दमट हवेतलं पाणी ते शोषून घेतात आणि मग नायट्रोजन धरायला त्यांच्यात जागाच उरत नाही. बटण दाबलंत तर दिवा लागेल, घरघर येईल, बाटलीत बुडबुडे येतील, मीटरची गोळी पाचवर जाऊन बसेल. सगळं जिवंत. नळीतून काय येतंय? धड मशीन ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन देतं, खोलीतल्या हवेत २१ टक्के असतो, आणि दाणे ओले झालेलं मशीन या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. नाकाला फरक कळत नाही. ऑक्सिजन मोजणारा ॲनालायझर लावावा लागतो, पाच मिनिटांचं काम. ते न करता "चालू स्थितीत" असं जाहिरातीत लिहिलंत तर ते दोन शब्द साहेबांच्या कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचले जातील.

बायपॅप. बाबांचे दाब त्यात तसेच बसलेले असतील. समजा श्वास घेताना १६ आणि सोडताना ६. ते आकडे बाबांच्या फुप्फुसांचे आहेत. घोरणाऱ्या माणसाला कदाचित ८ चा एकच दाब लागेल, कदाचित मशीनच लागणार नाही. कुलूपबंद मेनू कसा उघडायचा याचे व्हिडिओ सापडतात, म्हणून लोकांना वाटतं की आपल्यालाही जमतं.

रिकॉल तपासा, म्हणजे कंपनीने ते मशीन परत मागवलंय का ते बघा. जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो सीपॅप, बायपॅप आणि व्हेंटिलेटर परत मागवले, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण नि वायू श्वासाच्या वाटेत येण्याचा धोका होता. ओझोनने मशीन साफ करणाऱ्यांना हा धोका जास्त, हेही तेव्हा सांगितलं गेलं. तुमचं मशीन कुठल्या कंपनीचं ते इथे लिहू नका, सीरियल नंबर घेऊन त्या त्या कंपनीच्या साइटवर जा. रिकॉलमधलं मशीन विकणं, दान देणं, मावशीला देणं, काहीच नाही. आणि सहा वर्षं म्हणालात. घरगुती बायपॅपचं आयुष्य कंपन्या साधारण पाच धरतात.

मास्क, नळी, फिल्टर, पाण्याची डबी हे सगळं फेका. उकळून, पुसून, उन्हात ठेवून, काहीही करून दुसऱ्याला द्यायचं नाही.

त्या मुलीचं. हे मात्र नीट वाचा. सीओपीडी असलेल्या काही जणांना ऑक्सिजन जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठायला लागतो. म्हणून अशांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात, ९८ करत नाहीत. जास्त ऑक्सिजन मिळालेला रुग्ण तडफडत नाही, तो गुंगतो. घरच्यांना वाटतं, चला, बरं वाटलं, शांत झोपली. तिच्या आईला दम फुप्फुसांमुळे आहे, हृदयामुळे आहे की रक्त कमी झाल्यामुळे, हेच अजून ठरलेलं नाही. मशीन देऊन तुम्ही तिची रात्र सोपी कराल आणि खरा आजार आणखी एक महिना लपेल. तिला सांगा की बोटावरच्या ऑक्सिमीटरने आराम करताना, चालून आल्यावर आणि झोपेत असे आकडे तारीख-वेळेसकट लिहून डॉक्टरपुढे ठेव. तोंडी "दम लागतो" पेक्षा त्या कागदाला वजन असतं. ओठ निळे पडले किंवा ती गुंगीत बोलायला लागली तर कागद नको, सरळ रुग्णालय.

---

उशाशी_नळी

मी घेणाऱ्याच्या बाजूची. जुनं सीपॅप घेतलं होतं, चिठ्ठी माझ्याकडे होती, विकणारा सज्जन होता, सगळं रीतसर. तरी फजिती झालीच.

मशीनच्या आत मोडेम होता. मी झोपायचे आणि माझी रात्र त्या सज्जनाच्या खात्यात जमा व्हायची. त्याच्या क्लिनिकला वाटलं, याचा उपचार एकदम सुधारला! माझ्या क्लिनिकने सीरियल नंबर टाकला तर नोंद दुसऱ्याच रुग्णाची, म्हणून दाब बदलून देईनात. त्याने त्याच्या क्लिनिकला कळवून नाव काढून घेईपर्यंत पाच आठवडे गेले. एसडी कार्डवर त्याच्या चार वर्षांच्या रात्री होत्या. एका आठवड्यात मशीन वापरलेलंच नाही. कुठे होता, कोणाबरोबर होता, माझ्या मनात नको ते येऊन गेलं. कार्ड परत पाठवलं.

ताई, कार्ड काढून ठेवा आणि बाबांच्या क्लिनिकला सांगून नोंद बंद करा. माणूस गेला तरी त्याची माहिती त्याचीच.

---

बिनधास्त_बंड्या

बरं बाबांनो, माघार. आमच्या माळ्यावर सासऱ्यांचं नेब्युलायझर आहे, त्यालाही हे सगळं लागू आहे का?

---

कोर्टाची_पायरी

@बंड्या, देशागणिक उत्तर बदलतं. अमेरिकेत त्यालाही चिठ्ठी लागते. पण आधी ते सासऱ्यांना विचारून माळ्यावर गेलंय का ते बघा.

---

अबोली_५३

सगळ्यांचे आभार. दहा दिवस लागले, आता सांगते.

क्लिनिकला फोन केला, बाबांची नोंद बंद झाली. कार्ड काढलं. शेवटची रात्र २ फेब्रुवारीची, पहाटे चार वाजून दहा मिनिटांपर्यंत. ते कार्ड मी कोणाला देणार नाही, पुसणारही नाही.

कॉन्सन्ट्रेटरवरची चादर काढली आणि मीटर बघितला. १०,९४६ तास. कागदावर भागाकार करून पाहिला, तीन वर्षं रोजचे दहा. ओळखीच्या एका रुग्णालयाचा साहित्य उसनं देणारा विभाग आहे, तिथे नेला. भावानेच उचलून नेला. तिथल्या माणसाने बिल बघितलं, सीरियल नंबर लिहून घेतला आणि काहीही न बोलता ॲनालायझर लावला. ७१ टक्के. मी भावाकडे बघितलं, तो टेबलाकडे बघत होता. दाणे बदलून घेणार आहेत, मग त्यांच्याच डॉक्टरच्या चिठ्ठीवर जाईल. आम्ही दिलंय असा कागद दिला, तिघांच्या सह्या झाल्या, आईचीही. पैसे नाहीत. जाहिरातीत मी "उत्तम चालू स्थितीत" असं लिहिलं होतं, ते आठवून अजून पोटात गोळा येतो.

नोंदणी क्रमांक विचारल्यावर "आणखी असतील तर" वाले गृहस्थ खरंच गायब झाले.

मुलीला उत्तर दिलं. तीन वेळा लिहून खोडलं. शेवटी मशीन देत नाही आणि का देत नाही ते सरळ सांगितलं, पाना_हातोडींचं आकडे लिहिण्याचंही सांगितलं. तिचं उत्तर आलं, "बरं ताई." एवढंच. रागावली की काय, कळत नाही. काल रात्री तिने एका वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तारखा, वेळा, आकडे. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलंस का? म्हणाली, उद्याची वेळ मिळालीय.

बायपॅप त्यांनी घेतलं नाही. सहा वर्षं झालेलं म्हटल्यावर हातही लावला नाही. त्याचं काय करू? तसंच भंगारात द्यायला जीव होत नाही, आणि दिलं तर तिथून कोणीतरी उचलून विकेल अशीही भीती वाटते.

---

पाना_हातोडी

ती भीती बरोबर आहे, उचलतात. भंगारात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्याआधी मेनूत जाऊन डेटा पुसा, सीरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि मग पट्टी खरवडून टाका. शेवटी पॉवरची वायर मशीनपाशी कापा, प्लग बाजूला काढून. वायर कापलेलं मशीन कोणी विकत घेत नाही.